बोका

लोअर परळला अकराव्या मजल्यावर
तीन आठवडे घासली एक ओळ, सुकटीच्या चटणीसाठी.
ड्रोन, सूर्यास्त, मागे सतार.
बघितली चारशे बारा जणांनी.
त्यातले साठ आम्हीच.

मग वर्सोव्याच्या मालनबाई टपके,
कॅमेरा बंद झाला समजून,
बरणी हुंगणाऱ्या बोक्याला म्हणाल्या,
"मेल्या, पैसे दिलेस का?"

संध्याकाळपर्यंत बोका दुबईत पोचला.
साहेब म्हणाले, याचं सूत्र काढ.
मी तक्ता मांडला: वेळ, लांबी, हशा.

रात्री तीच क्लिप मला आली
दोन वर्षं अबोला धरलेल्या भावाकडून.
खाली एवढंच,
"आईच की गं."

तक्त्यात याला रकाना नव्हता.
मी ती मामीला पाठवली.