नीळ

बेतूलला, साळ नदी समुद्रात शिरते त्या वळणावर
होडी वाळूत काढून चार दिवस झाले.
खाली माडाचे दोन ओंडके, उलांडी सोडवून बाजूला,
आणि मी तिच्या पोटाखाली उताणा,
तोंडावर वाळू, हातात विजेरी,
भोक शोधतोय.

पाणी साचायचं मागे,
म्हणून मी मागचीच बाजू खरवडत राहिलो:
कालवांची टरफलं, डांबर,
त्याखाली वडिलांच्या हातचं डांबर,
त्याखाली लाकूड, हाताला थंड.
दोनदा राळ भरली.
दोनदा समुद्रात गेलो आणि दोनदा तेच,
जाळ्यात बांगडा यायच्या आधी
पायाशी पाणी.
एकानं ओढायचं, एकानं उपसायचं,
आणि उपसणारा नेहमी मीच.
तेलाचा पाच लिटरचा डबा, तिरका कापलेला,
किती वेळा ओतला ते रुझारला विचारा.
तो मोजायचा. मोठ्यानं मोजायचा.

शेवटी कायतान मेस्ताला बोलावलं.
ऐंशीच्या पुढचा, एका कानानं ठार.
हत्यार काही आणलं नाही,
सदऱ्याच्या खिशात निळेची पुडी.
होडीभोवती एक फेरी मारली, म्हणाला, "भर."
काय भरू?
"उदक. भितर."

बाहेरचं पाणी आत येतं म्हणून महिनाभर भांडतोय मी
आणि हा सांगतो, आतच ओत.
विहीर ते वाळू, बत्तीस कळशा.
बायको कुंपणावरून बघत होती,
"न्हाऊ घालताय का तिला?
मग शिकेकाई देऊ का?"

मेस्तानं नीळ विरघळवली,
प्रार्थनेच्या शर्टांना लागते तीच,
काठीनं सावकाश ढवळली
आणि विडी पेटवून बसला.
मी मागच्या टोकाशी उकिडवा.
तिथे काही नाही. वाळू कोरडी ठणठणीत.
अर्धी विडी झाल्यावर
त्यानं नुसती हनुवटी उचलली,
पुढे, डाव्या अंगाला.

एक निळा थेंब.
फळीला धरून, जड होत होत, सुटला.
मग दुसरा.

खिळा.
मीच ठोकलेला, गेल्या उन्हाळ्यात,
मोबाईलची पिशवी टांगायला.
खिळा दीड इंची, फळी इंचभर.
पाणी तिथून यायचं
आणि फळीच्या आतून कडेकडेनं चालत
मागे जाऊन बसायचं,
जिथे मी त्याची वाट बघत असायचो.

मेस्त काही बोलला नाही.
ऐकू न येणाऱ्या कानाकडून माझ्याकडे वळला,
त्यामुळे मीही काही बोललो नाही.
खिळा उपटला, भोक मोठं केलं
(पोटात कालवलं माझ्या),
फणसाच्या लाकडाची खुंटी तासली,
राळेत आणि माशाच्या तेलात भिजवलेला कापूस तिला गुंडाळला,
तीन घाव. चौथा हळू.
मग सांध्यात एक फट, करंगळीएवढी,
तीही कापूस ठासून बुजवली.
तळाच्या कण्याशी मात्र नुसता घाम होता,
निळसर, थेंब न होणारा.
मी राळेचा डबा पुढे केला.
"ती ठेव," म्हणाला. "लाकूड तहानलंय.
पिऊ दे त्याला. पोट भरलं की आपसूक मिटेल."

पैसे नको म्हणाला.
एक शेवटो चालेल, पण गाबोळीचा.

दोन भरत्या होडी उथळात बांधून ठेवली,
अर्धी बुडालेली, म्हशीसारखी.
तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो.
मुखाशी लाटा नेहमीच्या, वारा थोडा खालचा.
डबा मी मांडीवर धरून बसलो होतो.
रुझारनं सवयीनं सुरुवात केली, एक, दोन,
तीनवर थांबला,
माझ्याकडे बघितलं,
आणि जाळ्याची दुसरी बाजू माझ्या हातात दिली.
मोबाईल हल्ली टोपीत ठेवतो.

भरतीच्या रेषेवर, जिथे होडी ठेवली होती,
तिथली वाळू अजून निळी आहे.
छोट्या कुर्ल्या बिळातून
निळ्या गोळ्या बाहेर आणून टाकतात,
एक इकडे, एक तिकडे,
आणि पुन्हा आत जातात.