कुणाचा पत्रा

कायतान मिनेझिसच्या भट्टीत
दिवाळीआधी आठ दिवस पाव होत नसे.
पहाटेपासून रांग. डोक्यावर परात, परातीत मळलेलं पीठ,
वर ओलं फडकं.
आमच्या खानापुरात नानकटाई घरी होत नाही,
घरी फक्त भांडण होतं, तूप किती घातलं यावरून.

मी सहावीत. शाळा मराठी, पण कानडी वाचता यायचं
म्हणून चिठ्ठ्या माझ्याकडे.
गौरव्वा अंगडीचं नाव कानडीत,
उपाध्येकाकूंचं बाळबोधीत,
दस्तगीरच्या आईची चिठ्ठी कोरीच.
"नाम नक्को बेटा, मैं पैचानती."
ओळखायचीही. प्रत्येक वडीवर तिच्या अंगठ्याचा खळगा.

चिठ्ठी जळते, हे कायतानला ठाऊक.
त्याची भिस्त खुणांवर.
वेलदोड्याचा दाणा बस्तीच्या गल्लीचा,
दोन चारोळ्या कुंभारवाड्याच्या,
जायफळाचा तुकडा स्टेशनमास्तर अय्यंगारांचा.
ते बदली होऊन गेले अरसीकेरेला,
तरी जायफळ पुढे कुणी घेतलं नाही.

ज्या वर्षी पाट्यांना डांबर फासलं
आणि वडील रेडिओ
कानाशी धरून ऐकायचे,
त्या वर्षी पुढच्या दाराला रांग लागली नाही.
मागच्या बोळातून, जळणाच्या ढिगाला वळसा घालून,
एकेक परात आली.
कोण कुठल्या भाषेत गप्प आहे
ते अंधारात कळत नव्हतं.
कंदील बारीक. माझ्या हातून पत्रे चुकले.

अंगठ्याचा खळगा गेला उपाध्यांकडे.
त्यांनी खाल्लं की गाईला घातलं, कधी कळलं नाही.
डबा परत आला, तळाशी मूठभर साखर.
गौरव्वा मात्र पुढं अकरा वर्षं
बाजारात मला गाठून विचारायची,
"नन्न तुप्प यार तिंद्रो?"
माझं तूप खाल्लं कुणी, सांग की गं.
कुंभारवाड्याकडे बघत विचारायची,
आणि हसायची नाही.

कायतानची पोरं आजोबांच्या जन्मदाखल्यावर
पोर्तुगीज झाली, राहतात इंग्लंडात.
तो इथंच आहे, नदीकडच्या दफनभूमीत.
दगडावरची रोमी अक्षरं नागप्पा वडारानं कोरली,
न वाचता, एक अक्षर उलटं.
भट्टी दस्तगीरनं चालवली, गुडघे गेले तोवर.

परवा रस्ता रुंद करायला ती पाडली.
विटा आमच्याच मातीच्या,
कौलाच्या कारखान्यातल्या; कुठं ठसा, कुठं नुसती काजळी.
एकीवर कुत्र्याचं पाऊल.
ओल्या विटेवरून गेलं असेल कधीतरी,
कायतानच्याही आधी,
पाट्यांच्या आधी.
कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, न्या की बाई.

आणलीय.
जड आहे बरीच.
कुठं ठेवायची ते अजून ठरत नाही.