खिशाची डबी

अब्बा म्हणायचे, म्हाताऱ्याला नवी दारू पाजू नये.
म्हातारा म्हणजे नेमीचंदजी कालांचं रिव्हॉल्वर,
बेल्जियमचं, बत्तीस बोअर, तळहातात मावणारं,
निजामाच्या काळी कुणाच्या तरी कोटातून सेलूत उतरलेलं.
खटका दाबला की मान खाली टाकायचं
आणि पाची टरफलं एकदम वर यायची,
वर्गात हात वर केल्यासारखी.

त्याची काडतुसं हैदराबादेतही मिळेनाशी झालेली.
उरली दहा टरफलं. दोन डब्या.
एक नदीची, एक खिशाची.

नदीची मी भरायचे.
नऊ वर्षांची होते, बोटं बारीक.
जुनी टोपी टोचून काढायची,
नवी लाकडाने दाबायची, श्वास रोखून.
अत्तराच्या बुचाने एक माप काळी दारू,
पोकळी राहू नये म्हणून वर चिमूटभर रवा,
त्यावर शिसं.
शिसं छापखान्याचं, झिजल्या खिळ्यांचं.
कढल्यात ट आणि ठ शेजारी शेजारी विरघळताना पाहिलेत मी,
अनुस्वार सगळ्यात आधी जायचा.

दिवाळी सरली, जिनिंगचा भोंगा वाजायला लागला
की आम्ही तिघं दुधनेच्या काठाला.
सात पावलांवर डालड्याचा डबा.
नेमीचंदजी चष्मा पुसायचे, टोपी सारखी करायचे,
आधी हात जोडायचे, डब्याला की कुणाला.
ठुस्स.
धुराला कुजक्या अंड्याचा वास,
टिटव्या ओरडत उठायच्या, डबा जिथल्या तिथं.
पाचात एखादी लागलीच तर त्यांनाच वाईट वाटायचं:
"मिस्त्री, भोक पडलं हो."

घरी आल्यावर नळीतून गरम पाणी, मग तिळाचं तेल.
टरफलं साबणाच्या पाण्यात.
दरसाल एखाद्याच्या तोंडाशी केसाएवढी चीर निघायची,
ते बाद.
मी सातवीत गेले तेव्हा नदीच्या डबीत दोनच होती.

खिशाची डबी अब्बा एकटेच भरायचे, रात्री.
मला म्हणायचे, सो जा.
मी पडून असायचे, आणि चुलीकडून वास यायचा
रवा भाजल्याचा, मंद आचेवरचा, खरपूस.
वाटायचं, उद्या शिरा.
सकाळी शिरा नसायचा.
अम्मी डबा उलटा करून विचारायची, रवा किधर गया?
अब्बा म्हणायचे, चूहे.

त्या पाच नगांवर नेमीचंदजी बत्तीस हंगाम हिंडले.
जिनिंगची रोकड, छकडा, वालूरची वाट.
जेवण दिवस मावळायच्या आत, पाणी गाळून,
कांदा-लसणाला शिवणं नाही,
आणि कोटाच्या खिशात हे.
एकदा पुलापाशी दोघं आडवे आले.
यांनी बाहेर काढलं. म्हणे हात लई कापत होता.
ते पळाले.
गावाने वर्षभर ती गोष्ट चघळली,
दोघांचे चार झाले, चारांचे सात.
नेमीचंदजी ऐकायचे, खाली बघायचे.
आम्हाला वाटायचं, विनय.

काल त्यांचा नातू आला, पारस.
परवाना रद्द होतोय, ठाण्यात जमा करायचंय,
भरलेली नको म्हणतात, रिकामी करून द्या खाला.
चिमट्यात धरून पहिल्याचं शिसं हलवून काढलं.
दारूसाठी खाली कागद पसरला होता.
सांडला तो रवा.
दुसऱ्यातूनही. पाचव्यातूनही.
दाणा दाणा सुटा, बदामी.
बूड पाहिलं: टोपी कधीचीच विझलेली,
खळगा ठोकून सपाट केलेला, वरून चकाकी.

"हे काय?"
भाजलेला रवा, म्हटलं.
कच्च्यात कीड होते. आत जीव पडले असते.

दोघांपैकी कुणाची ही अक्कल, विचारायला कुणी उरलं नाही.
वहीत अब्बांच्या हातचं एवढंच, उर्दूत:
कालाजी, पाच नग, हमेशा जैसे.

पारस गेल्यावर कागद नाकाशी नेला.
पितळेचा वास. शिशाचा.
बराच वेळ तसाच धरून ठेवला.
मग उठून डबे पाहिले. रवा होता.
साखर नव्हती.