बारावा महिना

म्हापशात, मामलेदार कचेरीच्या कुंपणाला टेकून
माझं टेबल आहे. एक पाय आखूड,
त्याखाली चुकलेला स्टॅम्प पेपर, चार घड्या घालून.
सतरा वर्षं मी भाडेकरार टाइप करतो.

'मुदत : अकरा महिने.'
एवढं बोटं डोळे मिटूनही मारतात.
बारावा महिना माझ्या मशीनवर कधी उमटलेला नाही.
बारा झाले की नोंदणी, नोंदणी झाली की खर्च,
खर्च झाला की मालकाला झोप नाही.
भाडेकरूच्या झोपेचं कलम कुठे येतं,
ते मला अजून कुणी विचारलेलं नाही.

आज सुलक्षा आली. मूळ पेडण्याची, राहते नागव्याला,
कांदोळीच्या हॉटेलात चादरी धुते.
पिशवीत पिशवी, त्या पिशवीत पिशवी,
आणि सगळ्यांच्या आत भाडेमदतीचा अर्ज.
रेशनकार्ड आहे. उत्पन्नाचा दाखला आहे.
पोराच्या शाळेचा कागद आहे, वरणाचा डाग पडलेला.
फक्त मालकिणीच्या सहीचा करार नाही.
मदत हवी तर भाड्यानं राहतो हे सिद्ध करा,
असं अर्जात लिहिलंय.
सात वर्षं राहते ती. सिद्ध झाली नाही.

एस्पेरान्सा बाय वाईट नाही,
हे आधीच सांगून टाकतो.
नवरा बोटीवर होता, आता नाही.
दोन खोल्या, एक न्हाणी, विहिरीचं पाणी,
एवढ्यावर तिच्या साखरेच्या गोळ्या चालतात.
नाताळाला सुलक्षाच्या पोराला दोदोल देते,
पण सही म्हटलं की हात झग्याच्या खिशात.
'आयक गो बाये, कागद झाला की
उद्या तू माझी मुंडकार होशील.'

मुंडकार.
माझा बापूस होता. भाटात पडलेला नारळसुद्धा
विचारून उचलायचा.
कायद्यानं त्याला घर दिलं, आम्ही पाच भावांनी ते वाटलं.
माझ्या वाट्याला एक खिडकी आली,
ती मी थोरल्याला देऊन टाकली.
आता करासवाड्याला भाड्यानं राहतो.
माझा करार मीच टाइप करतो.
फी घेत नाही.

गेल्या सीझनला एस्पेरान्साच्या भाच्यानं
खोलीचे फोटो काढले, मोबाइलवर टाकले.
सुलक्षाचं महिन्याचं भाडं तीन रात्रींत निघालं.
ते अठरा दिवस ती आणि पोर
लाँड्रीच्या मागे, साबणाच्या पोत्यांवर.
पाहुण्यांच्या चादरी भाचा तिथेच धुवायला आणायचा.
आपल्याच पलंगाची चादर
तिनं दुसऱ्याच्या वाळूसकट पिळली, वाळत घातली.
परत गेली तर खिळ्यावर कुणाची तरी
पोहायची चड्डी राहिलेली, पोपटी.
पोरानं ती घालून दोन दिवस घर डोक्यावर घेतलं.
हे सांगताना ती हसली. मीही हसलो.
मग रिबन सरळ करण्यात बराच वेळ घालवला.

चार वाजता एस्पेरान्सा बाय आली.
रिक्षानं, छत्री घेऊन, ऊन असताना.
'ते मदतीचे पैसे कोणाच्या खात्यात जातात?'
'मालकाच्या. थेट.'
'दर महिन्याला?'
'असं लिहिलंय.'
ती स्टुलावर बसली. सुलक्षा उभीच.
'बोटीची पेन्शनपण
दर महिन्याला यायची होती,' ती म्हणाली.
त्यावर मी काय टाइप करणार?

कागद चढवला. नावं घातली, दोघींच्या बापांची नावं,
घर क्रमांक, विहीर सामाईक.
मुदतीपाशी बोटं आपोआप अकराकडे निघाली.
थांबवली.
तेवढी जागा मोकळी सोडून पुढे गेलो.

आता कागद दोघींच्या मध्ये आहे,
वाऱ्यानं उडू नये म्हणून वर माझा चष्मा.
एस्पेरान्सानं पेनाचं टोपण काढलं,
पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.
सुलक्षा तिच्या हाताकडे बघत नाही,
समोर कचेरीच्या खिडकीकडे बघते.
ती पाचला बंद होते.
चार चाळीस.