बुरूज क्रमांक त्रेचाळीस

नकाशावर हद्द म्हणजे एक हिरवी रेघ.
डोंगरावर ती दगडांच्या ढिगांनी चालते,
कमरेएवढे, चुना फासलेले,
कपाळावर काळा आकडा.
आमच्या खात्यात त्यांना बुरूज म्हणतात.
किल्ला नाही, तोफ नाही, तरी बुरूज.

मार्चअखेर सगळे मोजा, असं पत्र आलं.
म्हणून मी आणि वनमजूर जान्या तुंबडा
सकाळी सहाला उपवनकडून येऊर चढलो.
त्याच्याकडे कोयता आणि चुन्याची बादली,
माझ्याकडे जीपीएस, दौरा डायरी, कालच्या दोन चपात्या.

एकेचाळीस करवंदीच्या जाळीत, अर्धा ढासळलेला.
बेचाळीसवर वारूळ.
जान्यानं वारुळाला चुना लावला नाही,
कडेकडेनं कुंचा फिरवला,
दोनाची शेपूट आखूड ठेवली मुंग्यांसाठी.

त्रेचाळीस नाही.
जीपीएस म्हणतं, तुम्ही पोचलात.
पोचलो होतो एका पत्र्याच्या कुंपणाशी.
फटीतून दिसली हिरवळ, प्लास्टिकची,
उंच खांबांवर दिवे, दिवसाढवळ्या चालू.
वॉचमन म्हणाला, शेठ शनिवारी येतात.

जान्यानं विडी काढली,
पायाखालच्या पाचोळ्याकडे बघितलं, परत ठेवली.
म्हणाला, हा मीच रचलेला.
तेव्हा रोज बारा रुपये होता.
पोटात एक गोल दगड आहे, ओढ्यातला,
बाकी सगळे इथलेच.
का घातला गोल?
हाताला बरा लागला, बाई.

कार्यालयात फाईल निघाली.
बंगल्याचं प्रकरण न्यायप्रविष्ट आहे,
तीन साहेब बदलले, फाईलीची दोरी दोनदा बदलली.
चव्वेचाळीसजवळ मात्र जान्याची पडवी
दोन हात हद्दीत येते.
तिच्यासाठी नोटीस छापील आहे,
फक्त नाव भरायचं.
मी पेनाचं टोपण काढलं,
मग जेवणाची सुट्टी झाली.

शुक्रवारी नाल्यावरच्या कॅमेऱ्याचं कार्ड काढलं.
चारशे बारा फोटो.
तीनशेमध्ये वाऱ्यानं हललेली कुड्याची फांदी,
मग कुत्री, कुत्री, बाटली घेतलेली दोन पोरं,
आणि पहाटे तीन बाराला
एका दगडांच्या ढिगावर बसलेली बिबटी,
वरातीत कंटाळलेल्या आत्यासारखी, मान वळवून.
मागच्या पायाशी पांढरा चुना.
आकडा अर्धाच: चार.
पुढच्या आकड्यावर तिची शेपटी.
वर, कोपऱ्यात, तेच दिवे.

म्हणजे कुणीतरी तो उचलला होता,
दगड दगड करून, तीस मीटर खाली,
आणि पुन्हा नीट रचला होता, चुन्यासकट, क्रमांकासकट.
पाडला असता तर गुन्हा लिहिता आला असता.

जान्यानं फोटो लांब धरून पाहिला.
रचणारा आमच्यातला नाही, म्हणाला,
चपटे दगड वर ठेवलेत,
पावसात बसेल खाली.

सोमवारी पंचनाम्याला गेलो.
पंच दोन लागतात, दोघांच्या सह्या.
जान्या खात्याचा माणूस, तो चालत नाही.
पाड्यावरची भागी कोंब म्हणाली,
माझा पोरगा त्यांच्याकडंच गवत कापतो.
प्लास्टिकचं? मी विचारलं.
ती हसली, सही केली नाही.

बुरुजावर बिबटीची विष्ठा होती, वाळलेली,
आत कुत्र्याचे केस.
नियमाप्रमाणे कागदी पुडीत घेतली,
पुडीवर दिनांक, वेळ, माझं नाव.
ठिकाण लिहिताना अडले.
जागा त्रेचाळीसची नाही,
आणि ढीग त्रेचाळीसचाच आहे.

जान्या वाकून दगडांत हात घालत होता, कोपरापर्यंत.
बराच वेळ चाचपलं.
गोल दगड लागला की नाही, त्यानं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
नंतर बादलीशी येऊन उभा राहिला,
चुन्यावर साय धरायला लागली होती,
कुंच्यानं ढवळत म्हणाला,
बाई, ह्याला लावायचा का?