वायपरची मोटर

टोलेडोत, गॅरेजच्या थंडीत,
वर्लिन कोझाक चेटकिणीला मान बसवतोय.
मोटर वायपरची,
इर्माच्या भंगारात गेलेल्या ब्युइकमधली.
बारा व्होल्ट, तीन नट, सायकलची एक कडी.
पहिल्यांदा मान इतकी जोरात फिरली
की विग उडून रंगाच्या डब्यात.
"हळू गं," तो म्हणाला.
कुणाला, कोण जाणे.

हॅलोविनला अंगणात ती
डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.
मधमाशी झालेली शेजारची टेसा
चॉकलेट घेऊनही तिथंच उभी.
घाबरली नाही.
"ही सारखी नाही-नाही का म्हणतेय?"

वर्लिन बघत राहिला.
खरंच की.
रस्ता निसरडाय, नको जाऊस –
तसंच.

शेजारचे दिवे विझले, भोपळे विझले.
तो प्लग काढायला वाकला,
तर ती म्हणाली, नाही.