उकळून प्यावे

नोटीस मीच टाइप करते.
मजकूर तोच, तारीख तेवढी बदलते.
'नळाचे पाणी किमान एक मिनिट खळखळ उकळून प्यावे.'
पहिल्यांदा टाइप केली तेव्हा मुलगा पोटात होता.
आता तो माझ्याहून उंच आहे.
एकदा मामाच्या गावी
कुणा पोराने नळाला थेट तोंड लावलेलं बघून
तो किंचाळला होता.

आमच्याकडे दोनशे अकरा माणसं, एक चर्च,
कॉड संपला तेव्हापासून बंद पडलेला मासळीचा कारखाना,
आणि टेकडीवरच्या तळ्यातून उतरणारं
कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी.
टबात बसलं की आपलेच पाय
जुन्या फोटोतले वाटतात.

पंप लिअँडर सांभाळतो,
आठवड्याचे दहा तास, पगार नऊ तासांचा.
सकाळी कुपीत पाणी घेतो, पूड टाकतो, हलवतो.
गुलाबी झालं तर क्लोरीन आहे.
नाही झालं तर नाही.
वहीत लिहितो: गुलाबी. फिकट. फिकट.
मग नुसत्या रेघा.
रेघांची पानं मी फाइलला लावते.

रेघा का, ते गावाला ठाऊक आहे.
ट्रायफीना मावशी भर सभेत उठून म्हणाल्या,
'चहाला पोहण्याच्या तलावाचा वास मारतो.
त्र्याऐंशी वर्षं तळ्याचं प्यायले, मेले का?'
सगळे हसले. लिअँडरही हसला,
आणि घरी जाताना टेकडीवर गाडी थांबवून
त्याने चावी डावीकडे फिरवली.
कुठे पाणी मुरतंय हे शोधायला
आम्हाला बाहेरचा साहेब लागत नाही.

प्यायला आम्ही झऱ्याचं आणतो.
हमरस्त्याच्या वळणावर, खडकात ठोकलेला काळा पाइप.
रविवारी प्रार्थना सुटली की कॅनची रांग,
रांगेत कोण आजारी, कोण अल्बर्टाला चाललं, सगळं.
पाणी असं गार की दातांत कळ जावी.
'देवाने गाळलेलं,' माझे वडील म्हणायचे.

मंगळवारी सेंट जॉन्सहून कागद आला.
तळ्याचा नमुना: नेहमीसारखा.
झऱ्याचा नमुना: त्याहून वाईट.
झऱ्याचा पाठवला कुणी? माझ्याकडे नोंद नव्हती.
लिअँडर दारात टोपी चुरगाळत उभा होता.
'नातीला जुलाब होत होते,' एवढंच म्हणाला.
जिवाणूचं नाव मी अक्षर अक्षर बघून टाइप केलं.
त्याखाली एक ओळ होती,
'वरच्या बाजूस मैल्याची टाकी असल्यास तपासावी.'

वरच्या बाजूस आमचंच जुनं घर आहे.
टाकी वडिलांनी स्वतः पुरली,
मी आठ वर्षांची, कंदील धरून उभी होते.

नोटीस पाइपाच्या वर ठोकली, चार खिळे.
रांगेतल्यांनी वाचली. कुणी काही बोललं नाही.
मावशींनी कॅन भरला, झाकण लावलं,
'उकळीन गं,' म्हणाल्या,
मला बरं वाटावं म्हणून.

घरी येऊन किटली ठेवली.
बुडबुडे फुटायला लागल्यावर
सवयीने हात बटणाकडे गेला, तो मागे घेतला.
घड्याळ काढून समोर ठेवलं.
एक मिनिट एवढं लांब असतं
हे मला सतरा वर्षांत माहीत नव्हतं.